शाबासकीचा हिशेब

निवृत्त होणाऱ्या कामगाराला भिंतीवरचे घड्याळ भेट देण्याची चाल आपल्याकडे कुणी पाडली, देव जाणे! तीस-पस्तीस वर्षे जो गृहस्थ भोंग्याबरोबर उठला आणि भोंग्याबरोबर जेवला, त्याला वेळ पाहण्याची गरज ज्या दिवशी संपते, नेमक्या त्याच दिवशी आपण त्याच्या हाती घड्याळ ठेवतो. असे समारंभ तुम्हीही पाहिले असतील. हार, नारळ, चार शब्द, चहा-चिवडा आणि टाळ्या.

अशाच एका समारंभाची गोष्ट सांगतो. मी एका कारखान्यात देखरेखीच्या कामावर होतो. आमच्याकडचा एक जुना फिटर त्या दिवशी सेवानिवृत्त होत होता. भाषणे झाली. 'प्रामाणिक', 'कष्टाळू', 'आज्ञाधारक' ही ठरलेली विशेषणे वापरून झाली. चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, घड्याळ छान आहे हो. पण त्या पावसाळ्यात तळघरात पाणी शिरलं, तेव्हा रात्रभर मी पंपापाशी होतो. त्याचं कुणी नावसुद्धा काढलं नाही."

ती रात्र मला चांगली आठवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रे फिरली ती त्याच्यामुळेच. वरिष्ठांना त्याबद्दल चार ओळी लिहायच्या, असे मी ठरवलेही होते. लिहीन, लिहीन म्हणता राहून गेले. कसूर माझी होती.

आता तुम्ही म्हणाल, कामगाराला हवा असतो पगार. शाबासकीने का कुणाचे पोट भरते? प्रश्न रास्त आहे. पगाराच्या जागी शाबासकी देता येत नाही, आणि जो मालक तसे करू पाहतो त्याचा डाव कामगार पहिल्याच महिन्यात ओळखतो. १९६५ च्या कायद्याने बोनस हा मालकाच्या मर्जीचा विषय न राहता कामगाराचा हक्क झाला. हक्काचे ते हक्काचेच. त्याला बक्षीस म्हणून मिरवू नये.

पण पोट भरल्यावरही माणसाची एक भूक शिल्लक राहते. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्गच्या परिसरातील सुमारे दोनशे इंजिनियर व हिशेबनीस यांना विचारले, की कामावर तुम्हाला विशेष समाधान कधी वाटले आणि विशेष वैताग कधी आला? १९५९ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. वैतागाच्या हकिकतींत वरिष्ठांची वागणूक, कंपनीचे नियम आणि पगार यांचा पाढा होता. समाधानाच्या हकिकतींत मात्र हातून पार पडलेले काम आणि त्या कामाची कुणी घेतलेली दखल, या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येत होत्या.

मग बक्षिसांची खैरात करावी काय? तसेही नाही. १९७३ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी एका बालवाडीत एक गमतीचा प्रयोग केला. चित्रे काढण्याची मनापासून आवड असलेली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढाल तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते काही न सांगता नंतर दिले. उरलेल्यांना दिलेच नाही. काही दिवसांनी पाहतात तो काय, ज्यांना आधी आमिष दाखवले होते, ती मुले चित्रांत इतरांच्या निम्माच वेळ रमत होती! अवचित मिळालेल्या शाबासकीने मात्र कुणाची गोडी कमी केली नाही. कामगार म्हणजे बालवाडीतली मुले नव्हेत, हे खरे. पण आवडीच्या कामाला आमिषाची सवय लावू नये, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

आपल्या देशातही या बाबतीत विचार झालेला आहे. १९६५ साली 'श्रमवीर' पुरस्कार सुरू झाले. पुढे त्यांना विश्वकर्म्याचे नाव मिळाले. उत्पादन वाढावे, अपघात टळावेत, यासाठी कामगाराने केलेल्या सूचनेला ते दिले जात. यातले मर्म पाहा. 'चांगला माणूस' म्हणून हा गौरव नव्हता. अमुक सूचना केली, तिने अमुक फरक पडला, म्हणून होता. जो पुरस्कार कशासाठी ते सांगता येत नाही, तो वशिल्याचा वाटतो. आणि यंदा याला, पुढच्या वर्षी त्याला, अशी पाळी लावली, की तो रेशनच्या साखरेसारखा होतो: सगळ्यांना मिळतो, पण मान कुणालाच मिळत नाही.

तेव्हा तुमच्या हाताखाली चार माणसे असतील, मग कारखाना असो, कचेरी असो की किराणा दुकान असो, तर एवढे करून पाहा. चांगले काम दिसले की त्याच आठवड्यात बोला. काय केले, ते नेमके सांगा. काम चौघांचे असेल तर चौघांची नावे घ्या. निवड करायची झाली तर बरोबरीच्या कामगारांनाही विचारा. कुणाच्या हाताला किती गुण आहे, हे साहेबापेक्षा शेजारच्या यंत्रावरच्या माणसाला अधिक ठाऊक असते.

आणखी एक. हर्झबर्गला असेही दिसले होते, की कौतुकाचा आनंद लवकर ओसरतो. अंगावर सोपवलेल्या जबाबदारीचा परिणाम अधिक टिकतो. आमच्या त्या फिटरला पंपाची सारी नस ठाऊक होती. त्याच वेळी त्याला म्हणायला हवे होते, "दादा, ही दोन नवी पोरं तुमच्या हाताखाली देतो, यांना तयार करा." त्यात त्याचा मान होता, आणि कारखान्याचाही फायदा होता. निष्ठा निष्ठा म्हणतात ती अशीच उपजते. घड्याळाने ती विकत मिळत नाही.

तो गेल्यावर पुढच्या पावसाळ्यात पंप पुन्हा अडला. त्याच्या घरी माणूस पाठवावा लागला. तो आला, पंप चालू केला आणि चहा न घेता परत गेला. त्या वेळी मात्र मी त्याच दिवशी पत्र लिहिले.