आपली साक्ष, आपल्या अक्षरात

हातातलं काम सोडू नका, ते चालू ठेवूनच ऐका.

आम्ही सदरमधल्या आठ-नऊ जणी. कुणी मोहननगरची, कुणी खलाशी लाइनची, दोघी गड्डीगोदामच्या. चर्चही एक नाही. कुणी कॅथलिक, कुणी उत्तर भारत मंडळीच्या. महिन्यातून एकदा जमतो, चहा होतो आणि जिनं जे लिहून आणलं ते ती वाचून दाखवते. आईबद्दल, शाळेबद्दल, जुन्या पाळकांबद्दल, नाताळच्या फराळाबद्दल. फार मोठं साहित्य नाही ते. पण गेली काही वर्षं दर बैठकीत एक प्रश्न निघतो : हे सगळं छापावं का? दिवस बरे नाहीत. नाताळच्या गाण्यांच्या फेरीला निघतानासुद्धा आता मोबाइलवर निरोप येतो की अनोळखी घरी पत्रिका देऊ नका, उगीच बोलाचाली नको. धर्मांतर हा शब्द पेपरात आला की घरातले पुरुष आवाज खाली करतात. अशा वेळी लिहिणारी बाई पहिल्यांदा काय करते, तर खोडते. आधी एक शब्द, मग एक ओळ, आणि मग वहीच मिटून ठेवते.

आज या वहीबद्दलच बोलायचं आहे.

नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. 1954 साली सरकारनं ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला एक समिती नेमली. नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी तिचे अध्यक्ष. समितीत एक ख्रिस्ती सभासदही होते, वर्ध्याचे प्रा. एस. के. जॉर्ज. समितीनं जिल्ह्याजिल्ह्यांत दौरे केले, लोकांना भेटली आणि एक लांबलचक प्रश्नावली काढून वाटली. 1956 साली अहवाल आला, छापला गेला इथेच, नागपूरच्या सरकारी छापखान्यात. ज्या परदेशी मिशनऱ्यांचा मुख्य हेतू धर्मांतर आहे त्यांना परत जायला सांगावं, अशी त्यात शिफारस होती. सत्तर वर्षं होत आली, आजही भाषणांत आणि पुस्तकांत त्या अहवालाचे दाखले निघतात.

त्याच अहवालात एक आकडा आहे, त्याकडे आपल्या लोकांचं फारसं लक्ष गेलेलं नाही. प्रश्नावलीला 385 उत्तरं आली. त्यातली 330 ख्रिस्ती नसलेल्यांची, आणि ख्रिस्ती लोकांची 55.

पंचावन्न! आपण मुळात संख्येनं थोडे, हे खरं. काही मंडळ्यांनी चौकशीच अन्यायाची म्हणून सहकार्य थांबवलं होतं, त्यालाही कारण होतं. प्रश्नांचा रोखच असा होता की उत्तर देणारा आधीच आरोपी वाटावा. पण आमचं मत असं की त्या वेळी ज्या गोष्टी लिहिल्या गेल्या नाहीत, त्या नंतर कुणालाच सापडल्या नाहीत. दवाखान्यात बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाई, रात्रशाळा चालवणारे मास्तर, स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झालेली आणि त्यापायी भावकीला मुकलेली माणसं. यांचं म्हणणं त्यांच्या स्वतःच्या शब्दांत किती ठिकाणी आहे? ती माणसं गेली, आणि दुसऱ्यांनी त्यांच्याबद्दल लिहिलेलं तेवढं उरलं.

जाता जाता सांगतो, याच नियोगीसाहेबांनी त्याच 1956 च्या ऑक्टोबरात इथे नागपुरात बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या सोहळ्याच्या वेळी बौद्ध धर्म स्वीकारला. माणूस एका अहवालात मावत नाही, तेही नाही आणि आपणही नाही.

आता म्हणाल, असल्या वातावरणात बाईनं लिहायचं तरी कसं? त्याला आपल्याकडे मोठा दाखला आहे. पंडिता रमाबाई. त्यांचं 1897 साल बघा. पुण्यात प्लेग, गोरे सोजीर घरात शिरून तपासणी करतायत, बायकांना दवाखान्यात आणि छावणीत नेलं जातंय. रमाबाईंची स्थिती आधीच अवघड. चारच वर्षांपूर्वी, 1893 साली, शारदासदनातल्या मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून पुण्यात वादळ उठलं होतं, ‘केसरी’नं झोडपलं होतं आणि पालकांनी मुली काढून नेल्या होत्या. म्हणजे आपल्या लोकांत नाव गेलेलं. उरलं सरकार, ते नावाला का होईना ख्रिस्ती. मदतीचा पैसाही बराचसा परदेशातल्या ख्रिस्ती लोकांकडून येणारा. शहाणी बाई अशा वेळी गप्प बसली असती.

रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात त्या सरकारविरुद्धच लिहिलं. प्लेगच्या दवाखान्यात बायकांची कशी आबाळ आणि विटंबना होते ते लिहिलं, आपल्याच आश्रमातल्या एका मुलीवर काय गुदरलं ते लिहिलं. ती गोष्ट विलायतेच्या पार्लमेंटात निघाली. गव्हर्नर सँडहर्स्टसाहेबांनी पत्र खोटं आणि दिशाभूल करणारं ठरवलं. त्याच जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली, पुढे लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. हवा कशी तापलेली होती, बघा. आणि त्याच दुष्काळाच्या काळात या बाई आपल्या मध्य प्रांतात येऊन उपाशी, निराधार मुलींना केडगावला घेऊन जात होत्या.

आम्हाला यातलं धैर्य तर दिसतंच, पण त्याहून जास्त एक गोष्ट शिकण्यासारखी वाटते. आपल्या धर्माचं सरकार म्हणून त्यांनी झाकलं नाही, आणि आपले लोक आपल्यावर रागावलेत म्हणून त्यांच्या लेकीबाळींचं दुःख सांगायचं टाळलं नाही. जे घडलं ते, जिच्यावर घडलं तिच्या बाजूनं.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. ‘स्मृतिचित्रे’ हिंदू घरांतही इतकी प्रेमानं का वाचली जातात? 1895 च्या फेब्रुवारीत नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्यावर आकाश कोसळलं, आपण वर्षानुवर्षं वेगळ्या राहिलो, सोवळंओवळं सुटता सुटत नव्हतं, हे त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. स्वतः पुढे ख्रिस्ती झाल्या म्हणून आधीची लक्ष्मी पुसून टाकली नाही. प्रचाराचं पुस्तक लिहिलं असतं तर ते कपाटात राहिलं असतं.

आणि अगदी अलीकडचं म्हणाल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली, तेव्हा धर्मगुरू कसा काय चालतो म्हणून ओरड झाली, आयोजकांना धमक्यांचे फोन आले. पाठीचं दुखणं असतानाही ते गेले आणि मराठीतच बोलले, ज्या मराठीत त्यांनी आयुष्यभर वसईच्या झाडांबद्दल, पाण्याबद्दल आणि येशूबद्दल लिहिलं होतं.

ही मोठी माणसं झाली. आमच्यातली एक साधी गोष्ट सांगतो. आमच्या एका मैत्रिणीनं आईवर लेख लिहिला. आई बायबलबाई होती, म्हणजे मंडळीच्या वतीनं खेड्यापाड्यांत जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी. कापडी पिशवी, त्यात पुस्तक, साबणाची वडी आणि खरजेचं मलम. मैत्रिणीच्या मुलानं लेख वाचला आणि म्हणाला, आई, ‘सुवार्ता सांगायला’ काढ, ‘आरोग्य शिकवायला’ घाल. मलम तर होतंच ना पिशवीत!

त्यावर आमचा एक अख्खा शनिवार गेला. एक म्हणाली, पोरगा बरोबर बोलतो, त्याची नोकरी आहे, त्याला रोज बाहेर वावरायचं असतं. दुसरी म्हणाली, पुस्तक काढून नुसतं मलम ठेवलं तर वाचणारा उद्या विचारेल, लपवलं का? तिचं म्हणणं बहुतेकींना पटलं. आपणच आपली आई लपवली तर दुसऱ्यानं तिच्यावर घेतलेल्या संशयाला आपणच शिक्का मारतो. शिवाय खोट्या साक्षीची आज्ञा फक्त कोर्टासाठी थोडीच आहे!

पण लेख होता तसाही राहिला नाही. त्यात गावाचं नाव होतं, ज्या बायका ऐकायला बसत त्यांची नावं होती. त्यांच्या सुना-नातवंडं आज त्याच गावात राहतात. आपल्या खरेपणाची किंमत त्यांनी का मोजावी? ती नावं काढली. ‘अंधारातल्या बायकांना प्रकाश’ अशी एक ओळ होती, तीही काढली, कारण त्या बायका अंधारात नव्हत्या. त्यांना शेती कळत होती, औषधाचा पाला कळत होता, आणि पावसात अडकलेल्या आईला त्यांनीच दोन रात्री घरात ठेवून भाकरी घातली होती. हे मूळ लेखात नव्हतंच! विचारल्यावर मैत्रिणीला आठवलं. आता लेखातला सगळ्यात चांगला भाग तोच आहे.

तेव्हापासून एक रीत पडली. छापायला द्यायच्या आधी लेख शेजारच्या काकूंना वाचून दाखवायचा, ज्या ख्रिस्ती नाहीत त्यांना. त्या मध्येच अडवतात : ‘प्रभुभोजन म्हणजे जेवण का गं?’ मग समजावून लिहावं लागतं. कधी म्हणतात, ‘इथे तुम्ही आम्हाला टोमणा मारला.’ मग तपासायचं, टोमणा खरंच होता का. होता तर काढायचा. पण जे घडलं तेच सांगितलं असेल, तर काकूंना सांगायचं की हे असंच झालं होतं. काकूंनाही ते सोसतं. चहाला त्या पुढच्या वेळी येतातच.

त्या मैत्रिणीचा मुलगा अजून पूर्ण राजी नाही. त्यानं लेख दुसऱ्यांदा वाचला, काही बोलला नाही, आजीचा जुना फोटो मात्र स्कॅन करून दिला.

तर बायांनो, तुमच्या घरी आई-आजीच्या वह्या, पत्रं, रविवारच्या शाळेचे हजेरीपट असतील, तर पावसाळ्याच्या आत बाहेर काढा. ऊन दाखवा, कसर लागते. मागे कुणाचं नाव, कोणतं साल, पेन्सिलनं लिहून ठेवा. शाई फुटते.