तापीकांठचे कोट आणि फ्रान्समधील किल्ले

किल्ला हा शब्द कानीं पडतांच मराठी मनापुढें सह्याद्रीचा काळा कडा उभा राहतो. रायगड, राजगड, साल्हेर हीं नांवें शाळेंतल्या मुलासही पाठ असतात. पण तापी ओलांडून शहादें-तळोद्याच्या बाजूस गेलें कीं हा कडा दिसेनासा होतो. सभोंवार काळी सपाट जमीन, उत्तरेस सातपुड्याची निळसर रांग, आणि मधून वाहणारी खोल पात्राची तापी, असा हा मुलूख. येथें किल्ला बांधावयाचा म्हणजे डोंगराची उसनवारी मिळत नाहीं. भिंत माणसानेंच उभी करावयाची, खंदक माणसानेंच खणावयाचा, फार तर एका बाजूस नदीचा पाठिंबा घ्यावयाचा. म्हणूनच नंदुरबार-धुळें भागांतील कोट आणि गढ्या समजून घेण्यास सह्याद्रीपेक्षां दूरचा फ्रान्स देश अधिक उपयोगी पडतो. तेथेंही सेन आणि लोआर या नद्यांच्या सपाट खोऱ्यांत हाच प्रश्न होता, आणि त्याचीं उत्तरेंही पुष्कळशीं आपल्या उत्तरांसारखींच निघालीं.

इ. स. १३७० हें साल या संदर्भांत ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं एप्रिल महिन्यांत पॅरिस शहराच्या पूर्व वेशीवर बॅस्टील या किल्ल्याचा पहिला दगड बसला. त्याच वर्षीं दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक यानें थाळनेरचा परगणा मलिक राजा नांवाच्या सरदारास दिला. हा मलिक राजा स्वतःस खलीफा उमर फारूक यांचा वंशज म्हणवीत असे. म्हणून त्याच्या घराण्यास फारूकी हें नांव पडलें, आणि खानदेशचें स्वतंत्र राज्य थाळनेरच्या कोटांत जन्मास आलें. थाळनेर आज धुळें जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यांत आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं वेगळा झाला, त्यापूर्वीं हा सर्व एकच जिल्हा होता. आणि तापीचें पाणी तर थाळनेरच्या तटाखालून निघून सारंगखेडें व प्रकाशें येथें येतांना जिल्ह्याची शीव विचारीत नाहीं.

मलिक राजा १३९९ सालीं वारला. त्याचा मुलगा नसीरखान यानें असीरगड घेतला, त्याची हकीकत फरिश्त्यानें लिहून ठेविली आहे. शत्रूच्या भयानें आपल्या बायकामुलांस गडावर आश्रय द्यावा, अशी विनंती त्यानें आसा अहिरास केली. भोळ्या अहिरानें ती मान्य केली, आणि मेण्यांतून बायकांऐवजीं हत्यारबंद शिपाई उतरले. पुढें तापीच्या कांठींच बऱ्हाणपूर वसलें आणि थाळनेरचें राजधानीपण सरलें. तेथें राहिल्या त्या फारूकी सुलतानांच्या कबरी. त्यांतील अष्टकोनी कबर अजूनही पाहणाऱ्यास थांबविते.

फ्रान्समधील किल्ल्यांचा आरंभ याहून चारशें-पांचशें वर्षें जुना आहे, आणि तो मुळींच भव्य नव्हता. नवव्या-दहाव्या शतकांत उत्तरेकडील दर्यावर्दी लुटारू नावांतून नद्यांच्या वाटेनें देशाच्या पोटांत शिरत. राजा दूर आणि दुबळा. तेव्हां ज्याच्यापाशीं कांहीं स्वार आणि धान्याचें कोठार असेल त्यानें आपला बंदोबस्त आपणच करावा, अशी स्थिति झाली. त्यानें मातीचा उंच ढिगारा रचावा, वर लांकडी मनोरा उभारावा, खालीं कुंपण घालून गुरेंढोरें व माणसें आंत घ्यावीं, हाच तेथील पहिला किल्ला. लांकूड पेटतें हा अनुभव पुनःपुन्हां आल्यावर दगड आला. लोश येथील चौकोनी दगडी मनोरा अकराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला. त्याची उंची सुमारें ३६ मीटर, म्हणजे आपल्या आजच्या बारा मजल्यांएवढी. तळमजल्यास दार नाहीं. प्रवेश वरच्या मजल्यावरून, शिडीनें. धनी तेथेंच राही, तेथेंच जेवी, आणि वेळ आली तर तेथेंच मरे.

खानदेशांतील गढीचा जन्म याच गरजेंतून झालेला आहे. गांवाच्या जुन्या पांढरीच्या टेकाडावर, म्हणजे पिढ्यान् पिढ्यांच्या पडक्या घरांची माती सांचून जी उंची तयार होते तिच्यावर, देशमुखानें किंवा सरदारानें आपला वाडा बांधला आणि त्यास तट घातला. पाया व खालचा भाग दगडाचा, त्यावर पक्क्या विटा किंवा पांढरी माती. भिंत तळाशीं रुंद व वर जातां जातां निमुळती. कोपऱ्यांवर गोल बुरूज, त्यांत बंदुकीच्या जंग्या. दरवाजा एकच, हत्तीच्या धडकेस अडविणाऱ्या खिळ्यांचा, आणि त्यांत वांकून जावें लागेल अशी दिंडी. आंत चौक, विहीर, पागा आणि धान्याचीं पेवें. फ्रेंच सरदाराचें घर आणि आपल्याकडील गढी यांचे नकाशे शेजारीं ठेविले तर पेवांखेरीज फारसा फरक काढतां यावयाचा नाहीं.

नंदुरबार जिल्ह्यांत अशी सर्वांत नांवाजण्यासारखी गढी तळोद्याची. ती बारगळ घराण्याची. भोजराज बारगळ हे सरदार कदमबांडे यांच्या पदरीं स्वारांचें पथक बाळगून होते. त्यांची विधवा बहीण आपल्या लहान मुलास घेऊन होळ गांवाहून भावाच्या आश्रयास आली. तो मुलगा मामाच्या घरीं वाढला, मामाच्या पथकांत स्वार झाला आणि मामाची मुलगी गौतमाबाई हीच त्याची पत्नी झाली. हेच पुढें माळव्याचे सुभेदार मल्हारराव होळकर. इंदूरच्या राजवाड्याची मुळें शोधीत गेल्यास तीं तळोद्याच्या या मातीच्या तटापर्यंत पोहोंचतात. फ्रान्समध्येंही कित्येक राजघराण्यांचा उगम असाच एखाद्या आडगांवच्या मनोऱ्यांत सांपडतो. मात्र तेथें त्या मनोऱ्याची नोंद झालेली असते.

परंतु किल्ला म्हणजे केवळ बांधकाम नव्हे. तो अडविण्यासाठीं असतो, आणि अडविणें हें निर्दय काम आहे. सेन नदीच्या कांठीं शातो गय्यार नांवाचा किल्ला आहे. इंग्लंडचा राजा रिचर्ड यानें तो ११९६ ते ११९८ या दोन वर्षांत बांधविला. तीन कोट एकामागून एक, मध्यें खंदक, आणि सर्वांत आंतील तटाची भिंत सरळ न ठेवतां लाटांसारखी गोलगोल, म्हणजे दगडाचा मारा निसटून जावा. त्या काळीं हें शास्त्र नवें होतें. रिचर्ड मरण पावल्यावर १२०३ च्या शरद ऋतूंत फ्रान्सचा राजा फिलिप यानें वेढा घातला. खालच्या गांवचे लोक जीव मुठींत धरून किल्ल्यांत आले होते. धान्य संपत आलें तसें किल्लेदारानें त्यांना बाहेर काढलें. पहिल्या कांहीं टोळ्यांना वेढा घालणाऱ्यांनीं वाट दिली. शेवटच्यांना दिली नाहीं, आणि किल्ल्याचें दार तर मागें बंद झालेलें. थंडीच्या दिवसांत तीं बायकापोरें तट आणि मोर्चे यांच्या मधल्या उघड्या जागेंत पाला खाऊन राहिलीं, आणि बरींचशीं तेथेंच मेलीं. ६ मार्च १२०४ रोजीं किल्ला पडला. चित्रांत तो फार सुंदर दिसतो.

थाळनेरच्या कोटाची मांडणी पाहिली तर शातो गय्यारची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. एका अंगास तापीचें पात्र, आणि उरलेल्या तीन अंगांस शंभर ते दीडशें यार्ड रुंदीची खोलगट वाट. तिच्या तळापासून तट सुमारें ६० फूट उंच. आंत जाण्याचा मार्ग एकच, आणि त्या वांकड्यातिकड्या चढत्या मार्गावर एकामागून एक असे पांच दरवाजे. पहिला दरवाजा फोडला तरी शत्रू अरुंद बोळांत कोंडला जावा, वरून त्याच्यावर दगड व गोळ्या पडाव्या आणि दुसऱ्या दरवाजाशीं त्यास पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागावा, ही योजना. तीनशें माणसांनीं हजारोंना थोपवावें म्हणूनच हा खटाटोप असतो.

२७ फेब्रुवारी १८१८ रोजीं या योजनेची अखेरची परीक्षा झाली. महिदपूरच्या पराभवानंतर होळकरांनीं ६ जानेवारीस मंदसोर येथें जो तह केला, त्यांत सातपुड्याच्या दक्षिणेकडील त्यांचे किल्ले कंपनीकडे गेले. त्यांत थाळनेर होतें. सर टॉमस हिस्लॉप हा आपली फौज घेऊन तेथें आला, तेव्हां किल्लेदार तुळशीराम मामा याच्यापाशीं सुमारें ३०० माणसें होतीं. त्यांत अरब शिपायांचा भरणा. किल्ला द्या, न दिल्यास बंडखोर समजूं, असा निरोप गेला. आंतून उत्तर आलें तें गोळ्यांचें. मग तोफा चालल्या.

पुढें जें घडलें त्याविषयीं आजही दोन मतें आहेत. दरवाजाजवळचा भाग तोफांनीं ढांसळल्यावर इंग्रज शिपाई आंत शिरले. किल्लेदार स्वतः बाहेर येऊन स्वाधीन झाला. शेवटच्या दरवाजाची दिंडी उघडली आणि कांहीं इंग्रज अधिकारी थोड्याशा शिपायांनिशीं आंत गेले. आंतील अरबांना त्यांची भाषा कळेना, त्यांना अरबांची कळेना. शिपायांचीं हत्यारें काढून घेण्यास हात पुढें झाला, आणि खंजीर बाहेर निघाले. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर हे दोघे तेथेंच ठार झाले. मग सर्व किल्ल्याची कत्तल झाली, आणि ज्यानें आपण होऊन शरणागति पत्करली होती त्या किल्लेदारास त्याच संध्याकाळीं बुरुजावर फांशीं दिलें. धन्यानें किल्ला लिहून दिला ही वार्ता त्यास खरोखर कितपत पटली होती, आणि आंतल्या अरबांच्या हातून घडलेल्या कृत्याचा दोष बाहेर असलेल्या माणसाच्या माथीं कसा येतो, हे प्रश्न तेव्हांही विचारले गेले. गव्हर्नर जनरलनें हिस्लॉपपाशीं खुलासा मागितला; १८१९ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटांत ही गोष्ट निघाली. खुलासे पुष्कळ झाले. शातो गय्यारच्या किल्लेदारास सन्मानानें कैद झाली होती, आणि त्याचें नांव फ्रेंच व इंग्रज मुलें वाचतात. तुळशीराम मामाचें नांव खानदेशांतील किती घरांत ठाऊक असेल?

तोफेनें किल्ल्याचा निकाल लागला असें सामान्यतः सांगतात, तें अर्धेंच खरें. तोफ आल्यावर फ्रान्समध्यें उंच तट निरुपयोगी झाले, आणि सतराव्या शतकांत व्होबां नांवाच्या शिल्पज्ञानें जमिनीशीं बसलेले, ताऱ्याच्या आकाराचे बुटके कोट बांधले. परंतु जुने किल्ले पडले ते राजाच्या हुकुमानें. १६२६ सालीं कार्डिनल रिशल्यू याच्या कारभारांत असा हुकूम निघाला कीं, सरहद्दीवर नसलेले सर्व तटबंदी किल्ले पाडून टाकावे. सरदारांना बंड करण्यास जागा राहूं नये, हा हेतु. आपल्याकडे १८१८ नंतर कंपनी सरकारनें सह्याद्रीच्या कित्येक गडांचे कातळजिने सुरुंग लावून उडविले, तेंही याच विचारानें. राज्य मोठें झालें कीं त्यास दुसऱ्याची भिंत खुपूं लागते.

तेथील सरदार मात्र हुशार. लढाई गेली तरी त्यांनीं घर सोडलें नाहीं. त्यापूर्वींच लोआरच्या कांठीं किल्ल्याचा राजवाडा होऊं लागला होता. १५१९ सालीं सुरू झालेला शांबोर पाहावा: बुरूज आहेत, पण त्यांत खिडक्या, खंदक आहे, पण तो प्रतिबिंब पाहण्यासाठीं. त्याच्या मधोमध दोन जिने एकमेकांभोंवतीं असे गुंफले आहेत कीं, एकानें चढणारा दुसऱ्यानें उतरणाऱ्यास दिसतो पण भेटत नाहीं. लढण्याचें काम संपल्यावर इमारतीला खेळकरपणा सुचतो, तो असा. तळोद्याच्या गढीला ही उसंत मिळाली नाहीं. आपल्या गढ्या सरळ लढाईंतून पडझडींत गेल्या.

बॅस्टीलचें काय झालें हें सर्वश्रुत आहे. १४ जुलै १७८९ नंतर लोकांनीं तो पाडला. त्याचे दगड सेन नदीवरील पुलाच्या कामीं आले. ही झाली क्रांति. खानदेशांतील गढ्यांच्या बाबतींत क्रांति वगैरे कांहीं झालें नाहीं. पांढरी माती घराच्या धाब्यावर घालण्यास उत्तम, शेतांत खत म्हणूनही चांगली; विटा तर तयारच. एक गाडी आज, एक गाडी पुढल्या उन्हाळ्यांत. यांत कोणास अपराधी ठरविण्याचें कारण नाहीं, कारण जें कोणीच मोलाचें म्हणून सांगितलें नाहीं तें लोकांनीं उपयोगाचें मानलें.

फ्रान्समध्यें हें सांगण्याचें काम सरकारनें अंगावर घेतलें. १८३४ सालीं कथालेखक मेरिमे यास प्राचीन इमारतींचा तपासनीस नेमलें. १८३७ सालीं त्यासाठीं मंडळ झालें. १८५१ सालीं पांच छायाचित्रकारांना देशभर पाठवून इमारतींचीं चित्रें घेतलीं. मगच व्हियोले-ल-द्यूक यानें कार्कासोनचा दुहेरी तट आणि पिएरफोंचा पडका किल्ला नव्यानें उभा केला. पिएरफों त्यानें इतका नवा केला कीं, जुना राहिलाच नाहीं, असें म्हणणारेही फ्रेंच लोकच आहेत. डागडुजी थोडी आणि नोंद पुष्कळ, हा मार्ग अधिक बरा. कुसी येथील ५४ मीटर उंचीचा थोरला मनोरा जर्मन सैन्यानें १९१७ सालीं सुरुंगानें उडविला. तरी त्याचीं मापें व नकाशे उरलेले असल्यामुळें तो कसा होता हें आजही सांगतां येतें.

२०२५ सालीं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत आले. त्यांत तापीकांठचा एकही नाहीं, आणि त्याबद्दल रुसण्याचेंही कारण नाहीं. थाळनेरचा नदीकडील तट अजून कांहीं उभा आहे. तळोद्यास गढी आहे. तोरणमाळच्या पठारावर जुन्या तटाच्या खुणा आहेत. सुलतानपूरचे अवशेष शहाद्याजवळच आहेत. यांच्या नोंदीस परदेशी तज्ज्ञाची वाट पाहावी लागत नाहीं. शंभर फुटी फीत, आंखीव कागद, होकायंत्र आणि एक छायाचित्रयंत्र घेऊन शाळेच्या वरच्या वर्गांतील आठ-दहा मुलांनीं दोन रविवार घातले तर एका गढीचा पायाकृति नकाशा तयार होतो. तटाची जाडी दरवाजापाशीं मोजावी, कारण तेथें आंतली व बाहेरची दोन्ही अंगें दिसतात. विटेचें माप तीन ठिकाणीं घ्यावें. आणि विहिरीच्या कडेवर कांहीं अक्षरें असल्यास तीं खडूनें न गिरवतां, सकाळच्या तिरप्या उन्हांत वाचावीं. घालावयाचे ते दोन रविवार पावसाळ्यापूर्वींचे असावे. मातीचा बुरूज बहुधा पावसाळ्यांतच बसतो.