आधी कान, मग गळा



जून महिन्यात शाळा सुरू झाल्या, की विश्रामबागेतल्या आमच्या घरी आईवडील मुलांना घेऊन येऊ लागतात. पुढच्या खोलीत मी गेली पस्तीस वर्षं गाण्याचा वर्ग घेते. "बाई, हिचा आवाज फार गोड आहे. परीक्षेला कधी बसवता येईल?" हा पहिला प्रश्न. "टीव्हीवरच्या स्पर्धेला पाठवायचं आहे, किती दिवसांत तयारी होईल?" हा दुसरा. मग मी विचारते, "घरात गाणं कोण ऐकतं?" त्यावर आई बाबांकडे बघते आणि बाबा घड्याळाकडे.

आज मला बोलायचं आहे ते याच प्रश्नाबद्दल. मूल गायला लागतं ते आधी कानानं, आणि त्याचं गाणं टिकतं ते घरच्यांच्या कानामुळे. हे मला फार उशिरा कळलं. कसं कळलं, तेही सांगणार आहे.

आमची विश्रामबाग सांगली आणि मिरजेच्या मधोमध. दोन्ही गावांकडे या बाबतीत सांगण्यासारखं पुष्कळ आहे. मास्टर दीनानाथ मंगेशकरांचं बिऱ्हाड सांगलीत होतं, तेव्हाची गोष्ट लतादीदींनी स्वतःच अनेकदा सांगितली होती. दीनानाथ एका शिष्याला पूरिया धनाश्री घोकायला सांगून बाहेर गेले. पाच-सहा वर्षांची लता जवळच खेळत होती. शिष्याची जागा चुकते आहे हे तिच्या कानाला खटकलं. ती उठली आणि "बाबा असं गातात" म्हणून त्याला गाऊन दाखवू लागली. तेवढ्यात वडील परतले. घरातच गायिका आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. दुसऱ्याच दिवसापासून पहाटे तिची तालीम सुरू झाली.

या गोष्टीतून आपण 'उपजत देणगी' एवढंच उचलतो. पण त्या मुलीला तो राग तोवर कोणी समोर बसवून शिकवला नव्हता. घरात रोज कानांवर पडत होता, एवढंच. आणि दुसरं म्हणजे, वडिलांनी तिचं ऐकलं. "मोठ्यांच्या मधे बोलू नकोस" म्हणून तिला गप्प केलं नाही.

आता मिरजेकडे वळू. विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली. शालेय शिक्षणाची वाट अवघड झाली, तेव्हा त्यांना मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. सामान्य घरातल्या मुलामुलींनाही फी भरून, ठरलेल्या अभ्यासक्रमानं गाणं शिकता येऊ लागलं. १९३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत ज्या परीक्षांना आपली मुलं बसतात, त्या याच मंडळाच्या. तेव्हा परीक्षांना नावं ठेवायला मी आलेले नाही. माझ्यासारख्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला गाणं मिळालं ते त्यांच्यामुळेच. परीक्षेनं अभ्यासाला शिस्त लागते. पण गाण्याची ओढ परीक्षेतून लागत नाही, ती घरातून न्यावी लागते.

आता माझी गोष्ट. माझी मुलगी चार वर्षांची असताना कुकरच्या शिट्टीबरोबर सूर लावायची. मला कोण आनंद! मी तिला एकामागून एक परीक्षांना बसवलं. दहाव्या वर्षी ती प्रवेशिका पूर्ण झाली. मग स्पर्धा सुरू झाल्या. तेराव्या वर्षी एका स्पर्धेत ती अंतरा विसरली. सांगलीहून विश्रामबागेपर्यंत रिक्षात मी तिला बोलत राहिले. ती खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर तिनं तंबोऱ्यावर गवसणी चढवली आणि पुन्हा काढली नाही. मला वाटलं, दोन-चार दिवसांचा रुसवा आहे. त्याची वीस वर्षं झाली.

परवा दिवाळीत ती आली होती. बोलता बोलता सहज म्हणाली, "आई, तू माझं गाणं कधी ऐकलंच नाहीस. तू फक्त चुका ऐकल्यास."

मंडळी, मला उत्तर देता आलं नाही. शिकवणाऱ्याचा कान चुका शोधतो, तो त्याचा धर्मच आहे. पण घरात आईचाही कान तसाच झाला, तर मुलानं गायचं कोणासाठी?

कुमार गंधर्वांचं उदाहरण आठवतं. लहान वयातच ते बड्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गात, आणि गावोगावी लोक तोंडात बोटं घालत. तेवढ्यावरच थांबले असते, तर ते 'अजब मुलगा' म्हणूनच राहिले असते. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे त्यांचं रीतसर शिक्षण झालं. देवधर मूळचे मिरजेचे, पलुस्करांचेच शिष्य. त्यांच्या शाळेत नाना घराण्यांच्या गायक-वादकांचं येणंजाणं असे. तिथं त्या मुलाला शिकायला मिळालं, भरपूर ऐकायला मिळालं, आणि नकलेतून स्वतःच्या गाण्याकडे जायला वेळ मिळाला. वाहवा मिळवणाऱ्या मुलाला असा वेळ देणं मोठ्यांना जड जातं.

मग आपण काय करावं? फार काही नाही. रोज दहा मिनिटं टीव्ही बंद करून एक गाणं सगळ्यांनी मिळून ऐकावं. भजन असो, नाट्यगीत असो, जुनं चित्रपटगीत असो. आजीला ओव्या येत असतील तर त्या म्हणायला लावाव्यात. आरती ओरडून म्हणू नये, सुरात म्हणावी. मुलं तिथंच सूर उचलतात. मुलाचा आवाज जिथं सहज लागतो तीच त्याची पट्टी. कॅसेटमधल्या गायकाच्या पट्टीत त्याला ओढू नये. मुलगे बारा-पंधरा वर्षांचे झाले की आवाज फुटतो. त्या काळात "गाणं गेलं" म्हणू नये, गळ्यावर ताण देऊ नये, ऐकणं मात्र चालू ठेवावं.

आणि मुलांना मिरजेला न्यावं. तंतुवाद्य करणाऱ्यांच्या गल्लीत भोपळ्याचा तंबोरा कसा घडतो ते दाखवावं. तारेखाली दोरा सरकवला की जवारी कशी बोलू लागते, ते एकदा ऐकलेलं मूल विसरत नाही. मिरजेच्या या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतोत्सव होतो. तिथं मुलाला मांडीवर घेऊन बसावं. झोपलं तर झोपू द्यावं. झोपेतही कान उघडे असतात.

जाता जाता एवढंच. दिवाळीत माझ्या पाच वर्षांच्या नातीनं गवसणी ओढून काढली आणि विचारलं, "हे काय आहे?" तारा गंजल्या होत्या. मिरजेहून नव्या तारा घालून, जवारी लावून तंबोरा आणला. नात त्याच्याशी खेळत काहीबाही गात होती. सूर कुठं लागत होता, कुठं नव्हता. माझ्या जिभेवर दुरुस्ती आली होती, ती मी गिळली आणि ऐकत बसले. स्वयंपाकघरातून तिची आई दारात येऊन उभी राहिली. गायली नाही, पण गाणं संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.

आज रात्री तुमच्या मुलाला एक गाणं म्हणायला सांगा. पाहुण्यांसमोर नको, घरातच. आणि संपल्यावर काही सुधारू नका. "अजून एकदा म्हण," एवढंच म्हणा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)