सहीचा शोधनिबंध



क्रिकेटपटूंच्या व सिनेनटांच्या सह्या जमवणारी मुले आपण पाहतो. मी आज एका निराळ्या छंदाविषयी बोलणार आहे. नामांकित पदार्थविज्ञानशास्त्रज्ञांनी स्वतःच्या हाताने सही केलेले शोधनिबंध गोळा करणे, हा तो छंद.

निबंध मासिकात छापून आला की त्याच्या काही सुट्या प्रती लेखकाला मिळत. पाच-दहा पानांची, टाचलेली ती चोपडी. लेखक तिच्यावर ‘अमुक यांस सस्नेह’ असे लिहून सही करी आणि आपल्या विषयातील मित्राला टपालाने धाडी. झेरॉक्स आणि संगणक येण्यापूर्वी विज्ञानाची बातमी बरीचशी अशीच फिरत असे. म्हणून अशा प्रतीवरील सही ही नुसती सही नव्हे. कोणाचे संशोधन कोणाच्या टेबलावर पोचले, याचा तो पुरावा असतो.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचेच पाहा. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात त्यांना नवा प्रकाशपरिणाम सापडला. १६ मार्चला त्यांनी बंगलोरला त्यावर व्याख्यान दिले, ते लगेच ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये छापून घेतले आणि सुट्या प्रती देशोदेशीच्या शास्त्रज्ञांना रवाना केल्या. एवढी घाई कशाला? तर त्याच सुमारास मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलस्टाम यांना स्फटिकांत तोच परिणाम दिसला होता. १९३० चे नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले. त्यात टपालखात्याचाही थोडा वाटा होता असे मी म्हटले, तर अध्यक्षसाहेबांनी हसू नये!

आइन्स्टाइन यांनी सापेक्षतेवरील १९०५ च्या निबंधाचे हस्तलिखित जपून ठेवलेच नव्हते. महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, त्यांनी छापील निबंधावरून तो पुन्हा हाताने लिहून काढला. फेब्रुवारी १९४४ मध्ये कॅन्सस सिटीत त्याच्यासाठी ६५ लाख डॉलरच्या युद्धरोख्यांची बोली लागली. तो आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहे. स्टीफन हॉकिंग यांची गोष्ट याहून मनाला लागते. आजारामुळे हात चालेना, तेव्हा ते सहीऐवजी अंगठ्याचा ठसा देत. आपल्याकडे अंगठा हे निरक्षराचे लक्षण मानतात. त्यांच्या पुस्तकाची तशी एक प्रत २०१८ साली लंडनच्या लिलावगृहाने विकली.

लिलावाचा हा बाजार आपला नव्हे. नोव्हेंबर २०२१ मध्ये पॅरिसला आइन्स्टाइन व बेसो यांची टिपणे सुमारे १ कोटी १६ लाख युरोंना गेली. पैसा आला की खोट्या सह्याही आल्या, तेव्हा विकत घेण्याच्या भानगडीत विद्यार्थ्यांनी पडू नये. माझी चिंता वेगळी आहे. एखादे वृद्ध प्राध्यापक जातात, घर आवरताना त्यांचे कागद किलोने रद्दीत जातात, आणि त्यात काय होते हे कोणाला कळतही नाही. पालकांना विनंती अशी की, तराजू येण्यापूर्वी ते गठ्ठे कॉलेजातील पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना एकदा दाखवावेत. असा कागद लॅमिनेट करू नये, सेलोटेप लावू नये, गंजलेली पिन अलगद काढावी. आपल्या पावसाळ्यात तो भिंतीला लागून ठेवू नये.

आणि सही नसली म्हणून काय झाले? अब्दुस सलाम यांना १९७९ साली नोबेल मिळाले. त्यांचा पहिला निबंध १९४३ चा, ते लाहोरच्या कॉलेजात शिकत असतानाचा. तो ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या भारतीय नियतकालिकात आला. जेमतेम दोन पाने! विषय, रामानुजन यांचा एक प्रश्न: पहिल्या संख्येचा वर्ग म्हणजे दुसरी अधिक एक ठरावीक संख्या, दुसरीचा वर्ग म्हणजे तिसरी अधिक तीच, याप्रमाणे चौथीवरून पुन्हा पहिलीवर येणारी चार समीकरणे. बारावीच्या मुलामुलींनी ती आज रात्री वहीत मांडून पाहावीत. कुठे अडले ते उद्या मला येऊन सांगा.