फ्रीस्टाईल हल विकणे आहे! पण का?



‘वापर कमी, कंडिशन उत्तम, वेळ मिळत नाही म्हणून विकणे आहे.’ जुन्या वस्तूंची कुठलीही जाहिरात उघडा, बाईक असो की गिटार, हे वाक्य सापडतंच. मी फिनिक्सला, म्हणजे ॲरिझोनात, सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी उभ्याने चालवायची जेट स्की चालवतो. त्यामुळे या स्कींच्या जाहिराती वाचायची मला सवयच लागली आहे. तिथेही हेच वाक्य असतं. पण खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. विकणारा फसवतोय असं नाही. खरं कारण सांगायला अर्धा तास लागतो आणि जाहिरातीत चार ओळी मावतात, एवढंच. तो अर्धा तास आज आपण काढू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुम्ही बागा-कलंगुटला किंवा तारकर्लीला जी जेट स्की बघितली असेल, तिच्यावर सीट असते. पुढे चालवणारा दादा, मागे आपण, एक चक्कर मारून परत. मी बोलतोय ती वेगळी. हिला सीटच नाही. मागे एक उघडा ट्रे, त्यात तुम्ही उभे. पुढे वरखाली होणारा एक दांडा, त्याच्या टोकाला हँडल. थांबलात की डगमगते, वेग घेतला की स्थिर होते. खरं तर मूळची जेट स्की हीच. ॲरिझोनाच्या लेक हवासू सिटीचे क्लेटन जेकबसन हे मोटोक्रॉसवेडे गृहस्थ, त्यांच्या कल्पनेतून ती आली आणि १९७३ मध्ये कावासाकीने ती बाजारात आणली. ‘जेट स्की’ हे नावही कावासाकीचंच.

आता ‘हल’ म्हणजे काय? स्कीचं शरीर. इंजिन, पंप, हँडल काढून टाकलं की जी रिकामी होडी उरते, तो हल. फ्रीस्टाईलवाले लोक, म्हणजे पाण्यावर बॅकफ्लिप आणि बॅरल रोल मारणारे, कंपनीच्या हलवर फार काळ थांबत नाहीत. छोटे कारखाने खास फ्रीस्टाईलसाठी फायबरग्लासचे किंवा कार्बन-केवलारचे हल बनवतात. त्यातले बरेच यामाहाच्या सुपरजेटचे पार्ट बसतील अशा मापाचे असतात. १९९० मध्ये आलेली ही टू-स्ट्रोक सुपरजेट २०२० पर्यंत बनत होती, त्यामुळे तिचे पार्ट भरपूर. मग लोक काय करतात? एक सुपरजेट घेतात, तिचं इंजिन, पंप, हँडल उचलतात आणि नव्या हलमध्ये बसवतात. घर तेच, फक्त भिंती बदलल्या, असा प्रकार.

मग एवढा खटाटोप करून बांधलेला हल माणूस वर्ष-दोन वर्षांत का विकतो?

पहिलं कारण पाणी. फ्रीस्टाईल हलचा तळ बघा, तो पुढून मागे केळ्यासारखा वाकलेला असतो. याला ‘रॉकर’ म्हणतात. या वाकामुळे नाक पटकन वर येतं, स्की जागच्या जागी वळते, लाटेवर चढताना नाक पाण्यात घुसत नाही. पण हाच वाक सपाट पाण्यावर सरळ वेगात जाताना त्रास देतो. नाक वरखाली आपटत राहतं, टॉप स्पीड कमी होतो. कंपनीच्या हलचा तळ मागे बराच सपाट असतो, म्हणून तो पाण्यावर पटकन बसतो आणि सरळ पळतो.

त्यात फ्रीस्टाईलचेही दोन प्रकार आहेत. एक समुद्राच्या लाटांवरचा, त्याला फ्रीराईड म्हणतात. तिथे लाट हाच रॅम्प, हवेत फेकायचं अर्धं काम समुद्रच करतो. दुसरा सपाट पाण्यावरचा. तिथे रॅम्प नाही. मागचा भाग पाण्यात दाबायचा आणि तो वर उसळताना इंजिनाचा सगळा जोर लावायचा. पोट पुढे, खांदे मागे, डोळे आकाशाकडे. दोन्हींना लागणारा हल एकच नसतो.

आता फिनिक्सच्या माणसाचं बघा. आमच्या आसपास वाळवंट. पाणी म्हणजे धरणांचे तलाव. लेक हवासू आमच्यापासून सव्वातीनशे किलोमीटरवर, तोही कोलोरॅडो नदीवरच्या पार्कर धरणामुळे झालेला. लाटा हव्या असतील तर कॅलिफोर्नियाचा किनारा गाठायचा. इथला माणूस व्हिडिओत ओरेगनच्या लाटांवरचा रायडर बघतो, तोच हल मागवतो आणि सोडतो कुठे? तलावात. हल चांगलाच असतो, फक्त चुकीच्या गावी आलेला असतो.

दुसरं कारण इंजिन. हे खिशाला सगळ्यांत जास्त लागतं. सुपरजेटच्या नंतरच्या मॉडेल्सचं मूळ इंजिन ७०१ सीसीचं, दोन सिलिंडरचं. कंपनीच्या हलमध्ये ते मजेशीर वाटतं. हलक्या हलमध्ये आणखी मजेशीर वाटतं. पण सपाट पाण्यावर बॅकफ्लिप मारायची तर ते बहुतेकांना कमी पडतं. मग मोठं इंजिन, ८५० किंवा १००० सीसीच्या घरातलं. ते आलं की १४४ मिलिमीटरचा मूळ पंप अपुरा वाटतो, मोठा पंप येतो. कॉम्प्रेशन वाढलं की साध्या पेट्रोलवर भागत नाही, जास्त ऑक्टेनचं महाग इंधन लागतं. वजन वाचवायला काही जण ‘टोटल लॉस’ इग्निशन बसवतात. म्हणजे चार्जिंगची व्यवस्थाच काढून टाकायची, सगळी ठिणगी बॅटरीवर. इंजिन झटकन फिरतं, पण बॅटरी संपली की स्की तलावाच्या मधोमध बंद आणि तुम्ही पोहत किनाऱ्यावर.

आमच्या क्षेत्रात हे नेहमीचं आहे. एक लायब्ररी अपग्रेड करायला जावं, तर तिच्यावर अवलंबून असलेल्या सात गोष्टी उठून बसतात. हल घेताना माणूस फक्त हलचा हिशेब करतो. पुढची यादी कळते तेव्हा अर्धवट बांधलेली स्की गॅरेजमध्ये उभी असते आणि जाहिरातीत ‘प्रोजेक्ट, थोडं काम बाकी’ असं लिहिलेलं असतं. ते ‘थोडं’ म्हणजे किती, हे आता तुम्हाला कळलं असेल.

तिसरं कारण शरीर. हे कुणी लिहीत नाही, कारण ते लिहायला जड जातं.

साधा हिशेब करू. २००८ नंतरच्या टू-स्ट्रोक सुपरजेटचं वजन सुमारे १४० किलो. रायडर ९० किलोचा धरा. एकूण २३०. तरंगायचं तर २३० लिटर पाणी बाजूला सारावं लागणार, आर्किमिडीज काही सूट देत नाही. फ्रीस्टाईल हल आखूड आणि चिंचोळा असतो, मागे उघडा ट्रे, म्हणजे पायाखाली तरंगवणारा भाग कमी. त्यामुळे जड माणूस उभा राहिला की मागचा भाग पाण्याखाली जातो. मी ६८ किलोचा, मला तो हल हलका वाटतो. ९५ किलोच्या माणसाला तोच हल दर वेळी पडल्यावर पाण्यातून पुन्हा उठताना दमवून टाकतो. आधी ट्रेवर पोटावर झोपा, मग गुडघ्यावर या, मग वेग घेऊन उभे राहा. दिवसात चाळीस वेळा पडणार असाल तर हे चाळीस वेळा.

आणि गुडघे. फ्लिप मारताना पाय सुटू नयेत म्हणून ट्रेमध्ये फूट-होल्ड असतात, पाऊल अडकवायचे पट्टे. फ्लिप पूर्ण झाली तर ते तुमचे मित्र. स्की वाकडी पडली आणि पाऊल अडकलेलंच राहिलं, तर घोटा आणि गुडघा पिळवटतो. सपाट पाण्यावर उंचावरून आपटलं की तो धक्काही थेट गुडघ्यात आणि कंबरेत जातो. तलावावर भेटणारे एक पन्नाशीचे गृहस्थ आहेत. त्यांचा हल विकायला निघाला तेव्हा मी बघायला गेलो. जाहिरातीत ‘वेळ नाही’ होतं. प्रत्यक्षात माणूस दर रविवारी तलावावर हजर. मी सरळ विचारलं, तर त्यांनी पँट वर करून गुडघ्याचा पट्टा दाखवला. म्हणाले, “हा मला नाही म्हणतोय, मी अजून हो म्हणतोय. आता घरात दोघांचं भांडण नको.” ते पाणी सोडणार नव्हते. त्यांनी हल विकून कावासाकीची फोर-स्ट्रोक एसएक्स-आर घेतली. १४९८ सीसी, अडीचशे किलो, लांबी सुमारे २ मीटर ६६. फ्लिपचं नाव घेऊ नका, पण लांब, जड आणि वेगात रुळावर असल्यासारखी. ते वळणं घेतात, खूश असतात. मला वाटतं हल बदलण्याचं यापेक्षा शहाणं कारण मी ऐकलेलं नाही.

चौथं कारण तडे. कंपनीचा हल जाड, जड, सोशिक असतो. हलका हल वजन वाचवतो ते कुठून तरी वाचवतो. वर्षभर उंचावरून आपटल्यावर तळ आणि वरचा भाग जिथे चिकटवलेला असतो तो जोड, नाक, ट्रेचा तळ आणि पंपाच्या आजूबाजूची जागा, इथे केसासारख्या रेषा दिसू लागतात. दुरुस्ती होते, नीट केली तर टिकतेही. पण काही जण रेषा दिसली की रंग मारतात आणि विकतात. म्हणून घेताना आत टॉर्च मारून बघा. बाहेरचा रंग नवा आणि आतला फायबर जुना असेल, तर रंग कशासाठी मारला हे विचारा.

पाचवं कारण सगळ्यांत आनंदाचं. रायडर पुढे गेला. हलने त्याला शिकवायचं ते शिकवलं, आता त्याला आणखी आखूड, आणखी हलका हवा. अशा माणसाकडून हल घेणं सगळ्यांत चांगलं. तो तुम्हाला स्कीच्या खोड्या स्वतःहून सांगेल, कारण त्याला त्या तोंडपाठ असतात.

आता हे सगळं मी का सांगतोय? माझ्यासारखे अनेक मराठी पोरं-पोरी इथे व्हिसावर आहेत. आपल्यासाठी ‘विकता येईल का’ हा प्रश्न छंदाच्या बाहेरचा आहे. एच-वन-बीवर नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस हातात असतात. त्या साठ दिवसांत नवी नोकरी शोधायची की तलावाकाठी उभं राहून अर्धवट बांधलेल्या स्कीचं गिऱ्हाईक शोधायचं? मूळ, न छेडलेली सुपरजेट लवकर जाते, कारण ती शिकणाऱ्यालाही चालते आणि मुरलेल्यालाही. पण लाटांसाठी बनवलेला, ठरावीक वजनाच्या माणसाला जमणारा, मोठ्या इंजिनाचा हल घेणारी माणसं मोजकी. घातलेले पैसे तर परत येतच नाहीत. म्हणून काही जण विकताना स्की पुन्हा सुटी करतात, इंजिन एकाला, हल दुसऱ्याला. तसं जास्त मिळतं, पण वेळ लागतो. आणि वेळच नसतो.

त्यात कागद. अमेरिकेत प्रत्येक हलला बारा अक्षरं-अंकांचा ओळख क्रमांक असतो. ॲरिझोनात बोटींची नोंदणी गेम अँड फिश खातं करतं आणि तिथे हा क्रमांक लागतो. जुन्या सुपरजेटचं सामान नव्या हलमध्ये टाकलं तरी जुन्या हलचे कागद नव्याला लागू होत नाहीत. नव्या हलचा स्वतःचा क्रमांक आणि त्याच्या मालकीचा कागद हातात हवा. तो नसेल तर तुम्ही सुंदर कार्बनची शोभेची वस्तू घेतलीत.

त्या गृहस्थांचा हल मी घेतला नाही. आवडला होता, किंमतही बरी होती. पण तो लाटांसाठी बनवलेला होता, माझं पाणी तलावाचं, आणि माझ्या व्हिसाची मुदत माझ्या हातात नाही. तो सॅन डिएगोच्या एका बावीस वर्षांच्या पोराने नेला. त्याचं घर समुद्रापासून दहा मिनिटांवर. हल योग्य गावी गेला. मी माझ्या साध्या सुपरजेटवरच आहे. तिच्यावर अजून नाक पाण्यात बुडवून बाहेर काढणंच धड जमत नाही, म्हणजे तिचं शिकवून व्हायचंय.

तर मंडळी, कुणी फ्रीस्टाईल हल विकत असेल तर किंमत विचारायच्या आधी चार प्रश्न विचारा. तुम्ही हा कुठल्या पाण्यात चालवलात? तुमचं वजन किती? आत कुठलं इंजिन आणि कुठला पंप? आणि आता यानंतर तुम्ही काय घेणार? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. माणूस काय सोडतोय हे जाहिरातीत असतं, पण कशाकडे चाललाय हे कळलं की का सोडतोय ते आपोआप कळतं. जो लाटांकडे चाललाय, जो गुडघा सांभाळतोय, जो इंजिनाच्या खर्चाने थकलाय, त्या तिघांचे हल वेगवेगळे असतात, जाहिरात मात्र एकच असते.

तुमच्याकडे असं काही विकायला काढलेलं असेल, मग ती स्की असो, कॅमेरा असो की ट्रेकिंगची सॅक, तर खरं कारण मला व्हॉइस नोटवर पाठवा. ‘वेळ नाही’ चालणार नाही! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, पाण्यात असाल तर लाइफ जॅकेट घाला.