जादा वेगाचा हिशेब



आमचे शिक्षण सूतगिरणीच्या फाटकाशी आणि युनियनच्या कचेरीत झाले. अशा माणसाने संगणकाच्या प्रोसेसरविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ‘यंत्र जरा जादा पळवा’ हे वाक्य आम्ही जन्मभर ऐकत आलो आहोत.

ठरवून दिलेल्या वेगाहून प्रोसेसर अधिक वेगाने चालविणे, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. इंटेलचा १९९८ सालचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा. हौशी लोकांनी तो ४५० वर चालविला. हौस वाईट नव्हे, पण हिशेब पाहा. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही दहा टक्के वाढविले, तर उष्णता सुमारे तेहतीस टक्के वाढते.

तापमानावर पहारा असतो. आजचे बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या घरात पोचले, की आपला वेग आपणच कमी करतात. व्होल्टेजचे तसे नाही. जादा दाबाने आतली विद्युतरोधक पापुद्री झिजते, सूक्ष्म तारांतील धातूचे अणू सरकतात. वर काहीच दिसत नाही. ताप हात लावताच कळतो. फुप्फुसात साचलेली कापसाची धूळ वर्षांनी कळते. तसेच हे आहे.

आणि येथे खुद्द कारखानदारही चुकतात. २०२३ साली काही रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर जळाले. मग एएमडीने त्यांच्या एसओसी भागाचे व्होल्टेज १.३ वर रोखले. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतील चिपा सदोष आज्ञावलीमुळे भलते व्होल्टेज मागत होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या मागणीला १.५५ ची मर्यादा घातली गेली. जी चिप आधीच झिजली होती, ती मात्र पूर्ववत झाली नाही. म्हणून एका चिपेचा आकडा दुसरीला लावू नये.

आमचीच गोष्ट सांगतो. कचेरीतला संगणक एका हुशार पोराने असाच पळविला. माघात उत्तम चालला. वैशाखात, पत्र्याखालच्या त्या खोलीत, तो वारंवार गोठू लागला. आणि सुनावणीच्या आदल्या आठवड्यात कामगारांच्या ग्रॅच्युइटीच्या दाव्यांची फाईल बिघडली. खोली जितकी तापते, जवळजवळ तितकीच चिपही अधिक तापते, हे साधे गणित कोणी केले नव्हते. कागदी वह्यांवरून दोन रात्री जागून आम्ही आकडे पुन्हा भरले. दोष पोराचा नव्हता. परवानगी आम्ही दिली होती.

तेव्हा तरुणांना इतकेच सांगणे: वेग थोडाथोडा वाढवा. व्होल्टेज शेवटी आणि कमीत कमी वाढवा. पूर्ण भाराखाली काही तास चालवून ८०-८५ अंशांच्या आत राहते ना, ते भर उन्हाळ्यात पाहा. आणि स्वतःच्या यंत्रावर खुशाल करा. ज्यात दुसऱ्याच्या घामाचा हिशेब आहे, त्या यंत्राला हात लावू नका.