गाऱ्हाणे कोणाचे आणि पैसा कोणाचा?



व्याख्यानमालेचे पत्रक वाटले गेल्यावर एकदोघांनी आम्हाला बाजारात गाठून विचारले, "तुम्ही युनियनचे माणूस. डॉक्टरांच्या संघटना आणि त्यांचे राजकारण यांच्याशी तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही येथून तारकर्लीच्या वाटेने पुढे, देवबागला शोधतो. मुंबईच्या गिरणी कामगारांनी 18 जानेवारी 1982 रोजी जो संप पुकारला, त्यात सुमारे अडीच लाख माणसे उतरली. त्या संपाचे पुढारी दत्ता सामंत हे देवबागचे, आणि ते मुळात डॉक्टर. घाटकोपरला दवाखाना चालवताना खाणीत दगड फोडणारी माणसे त्यांच्यापुढे येत आणि त्यातून त्यांनी युनियन बांधली. 1984 साली ते लोकसभेवर निवडून गेले. त्यांच्या मार्गाबद्दल मतभेद आहेत, आमचेही आहेत. परंतु डॉक्टरने संघटना करावी, वर्गणी गोळा करावी, मंत्र्याच्या दारात गाऱ्हाणे न्यावे, यात आमच्यासारख्याला वावगे वाटण्याचे कारण नाही. आम्ही जन्मभर तेच केले.

तेव्हा डॉक्टरांनी संघटना करावी की नाही, हा वाद आम्ही येथे घालणार नाही. पैसा कोणाचा गोळा होतो, त्याचा हिशेब कोणापुढे मांडला जातो, आणि गाऱ्हाणे घातले जाते तेव्हा त्यात कोणाचे नाव घ्यायचे राहून जाते, एवढेच पाहायचे आहे.

आपल्याकडे देवळात गाऱ्हाणे घालतात ते सर्वांच्या देखत. कोणासाठी, कशासाठी हे मोठ्याने सांगावे लागते, आणि भोवतालची माणसे "व्हय म्हाराजा" म्हणतात ती ऐकून म्हणतात. मुंबई-दिल्लीच्या सचिवालयांत जी गाऱ्हाणी घातली जातात ती अशी ऐकू येत नाहीत.

प्रथम दूरचे उदाहरण घेऊ, कारण तेथे ही विद्या फार पुढे गेली आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर अध्यक्ष ट्रूमन यांनी सर्वांसाठी सरकारी आरोग्य विम्याची योजना मांडली. 1948 च्या डिसेंबरात तेथील डॉक्टरांच्या मुख्य संघटनेने प्रत्येक सभासदावर पंचवीस डॉलरची पट्टी बसवली, व्हिटेकर आणि बॅक्स्टर या प्रचारव्यवसायी दांपत्याला कामाला लावले, आणि ही योजना म्हणजे समाजवादी वैद्यक आहे असा गजर देशभर केला. एकट्या 1949 साली सुमारे पंधरा लाख डॉलर खर्च झाले. योजना बारगळली. 1961 साली त्याच संघटनेने निवडणुकांसाठी वेगळी राजकीय समिती काढली. पुढे एकेका शाखेच्या तज्ज्ञांनी तोच कित्ता गिरवला. आज तेथे क्ष-किरणतज्ज्ञांचा राजकीय फंड वेगळा, भूल देणाऱ्यांचा वेगळा, हाडांच्या डॉक्टरांचा वेगळा, त्वचारोगवाल्यांचा वेगळा. कोणत्या तपासणीला सरकार किती पैसे देणार, कोणते काम कोणी करायचे, असल्या प्रश्नांवर हे फंड उमेदवारांना मदत करतात.

ऐकून कानावर हात ठेवावेसे वाटते खरे. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट चांगली आहे आणि ती सांगितली पाहिजे. या समित्यांना स्वेच्छेने दिलेलाच पैसा घेता येतो, एका उमेदवाराला एका निवडणुकीत पाच हजार डॉलरपेक्षा जास्त देता येत नाहीत, आणि वर्षात दोनशे डॉलरपेक्षा अधिक देणाऱ्याचे नाव निवडणूक आयोगाच्या दप्तरात जाते. ज्याला पाहायचे त्याने पाहावे.

आता आपल्या घरी या. आपल्या देशात कामगारांच्या युनियनला अशी शिस्त 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याने लावली. या शिस्तीचे मूळ इंग्लंडात आहे. ऑस्बर्न नावाच्या एका रेल्वे हमालाने, माझ्या वर्गणीतून पक्षाला पैसे का देता, असा दावा लावला आणि 1909 साली तो थेट उमरावांच्या सभागृहात जिंकला. त्यानंतर 1913 साली तेथे कायदा झाला. आपल्या 1926 च्या कायद्यातील सोळावे कलम त्याच घराण्यातले. युनियनच्या सर्वसाधारण फंडाला राजकारणासाठी हात लावायचा नाही. राजकीय फंड वेगळा, त्याची वर्गणी वेगळी. ती देण्याची कोणावर सक्ती नाही, आणि दिली नाही म्हणून सभासदाला कोणत्याही फायद्यापासून दूर ठेवता येत नाही. दरवर्षी तपासलेले हिशेब रजिस्ट्रारकडे धाडायचे. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही वेगळ्या फंडाची ही कल्पना कायम राहिली आहे.

हे कलम आम्ही पुस्तकात वाचून शिकलो असे म्हटले तर ते अर्धेच खरे. ऐन उमेदीत असताना एका निवडणुकीत आमच्या युनियनने प्रचाराच्या दोन जीपगाड्यांचे भाडे सर्वसाधारण फंडातून दिले. सही आमचीही होती. वार्षिक सभेत एक सभासद उठला. माणूस अबोल, पाळीवर वेळेवर येणारा. त्याने एवढेच विचारले, "माझी वर्गणी माझ्या आजारपणासाठी होती. ती जीपवर कशी गेली?" आम्ही ध्येयधोरणाचे लांबलचक उत्तर दिले. तो खाली बसला, पण सभेचा रंग गेला तो गेलाच. पुढे पैसे भरून काढले. त्या रात्री आम्ही सोळावे कलम पहिल्यांदा नीट वाचले.

डॉक्टरांच्या संघटना युनियन म्हणून नोंदलेल्या नसतात. त्या बहुधा सोसायटी किंवा सार्वजनिक न्यास असतात. त्यांचे हिशेब होतात, नाही असे नाही. पण मंत्रालयात शिष्टमंडळ नेणे, मोठा वकील देणे, वर्तमानपत्रात जाहिरात देणे या कामांचा पैसा वेगळ्या पेटीत ठेवा आणि देणाऱ्याला विचारून घ्या, असे सांगणारे सोळावे कलम त्यांना नाही. शिवाय त्यांच्या अधिवेशनांच्या मांडवात औषधांच्या आणि यंत्रांच्या कंपन्यांची दुकाने लागतात. मेडिकल कौन्सिलने 10 डिसेंबर 2009 रोजी नियम केला की डॉक्टरांनी आणि त्यांच्या संघटनांनी औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवासखर्च, पाहुणचार घेऊ नये. फेब्रुवारी 2016 मध्ये त्यातला 'संघटना' हा शब्द वगळण्यात आला. एकट्या डॉक्टरला बंदी, दहा डॉक्टर एकत्र आले की ती नाही! 2 ऑगस्ट 2023 रोजी नव्या आयोगाने पुन्हा कडक नियम काढले. संघटनांनी ओरड केली आणि तीन आठवड्यांत, 23 ऑगस्टला, ते स्थगित झाले. त्या नियमांतली सगळीच कलमे शहाणपणाची होती असे आमचे म्हणणे नाही. पण तीन आठवडे! आमच्या किमान वेतनाच्या अर्जाला नुसती पोच मिळायला याहून अधिक दिवस लागतात.

आता ज्या प्रकरणासाठी एवढी प्रस्तावना केली त्याकडे वळू. सोनोग्राफीचे प्रकरण.

मुलीचा गर्भ ओळखून तो पाडण्याचा धंदा मुंबईत 1980 नंतर उघड चालू झाला. 1986 साली राज्य सरकारच्या सांगण्यावरून डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईच्या पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारले, तेव्हा बेचाळीस जण लिंगनिदानाची तपासणी करीत असल्याचे निघाले. त्या वेळी ही तपासणी गर्भजल काढून होत असे. सोनोग्राफी मागाहून आली. स्त्रियांच्या संघटना, काही शास्त्रज्ञ आणि, हे आवर्जून सांगतो, काही डॉक्टरही एकत्र आले आणि त्यांच्या चळवळीतून 1988 साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला. 1994 साली केंद्राने कायदा केला. तो कागदावर राहिला म्हणून 2000 साली मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 2003 साली कायदा कडक झाला. इकडे शिरगणती काय सांगत होती? महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली 1991 साली 946, 2001 साली 913, 2011 साली 894. आपल्या सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे स्त्रिया 1036 आहेत, म्हणून काही मंडळी छाती फुगवतात. अहो, पुरुष मुंबईला गेले म्हणून तो आकडा! लहान मुलांत पाहिले तर 2011 साली आपणही 920 च्या आसपासच होतो.

कायदा कडक झाल्यावर दोन संघटना पुढे आल्या. एक क्ष-किरणतज्ज्ञांची, 1931 साली स्थापन झालेली. दुसरी स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांची, 1950 सालची, जिचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. त्यांचे गाऱ्हाणे असे: प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीला 'एफ' नमुना भरावा लागतो. त्यात एखादा रकाना रिकामा राहिला तरी कायदा तो गुन्हाच धरतो, आणि चूक निर्दोष होती हे डॉक्टरने सिद्ध करायचे. यंत्राला सील लागते, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आरोप निश्चित झाले की नोंदणी निलंबित होते. गर्भलिंग सांगणारा आणि तारीख लिहायला विसरणारा एकाच दावणीला का? 1 सप्टेंबर 2016 पासून क्ष-किरणतज्ज्ञांनी देशभर संप पुकारला. केंद्रीय आरोग्यमंत्र्यांच्या आश्वासनानंतर तो मागे घेतला गेला. प्रसूतितज्ज्ञांची संघटना 2017 साली सर्वोच्च न्यायालयात गेली. 3 मे 2019 रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. नोंद न ठेवणे हा कारकुनी दोष मानता येणार नाही, कारण ती नोंद हाच गुन्हा पकडण्याचा एकमेव धागा आहे, असे त्या निकालाचे सार आहे.

निकाल आम्हाला पटतो. आम्ही हजेरीपत्रकाची माणसे. कारखान्यात ज्या दिवशी अपघात होतो नेमके त्याच दिवशीचे पान कोरे का सापडते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. बंद दारामागे डॉक्टर, यंत्र आणि घाबरलेली सून. तेथे जे बोलले गेले त्याचा कागदाखेरीज साक्षीदार कोण?

परंतु गाऱ्हाण्यातला खरा भाग टाकून देणे हेही बरोबर नाही. 2012 च्या दुरुस्तीने एका डॉक्टरला एका जिल्ह्यात दोनच ठिकाणी सोनोग्राफी करता येते. मुंबईला हा नियम सोसतो. येथे तज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. देवगडला एक वार, वेंगुर्ल्याला एक वार, मालवणला एक वार असे फिरणारा डॉक्टर या नियमाने अडतो, आणि बाई बसते एस.टी.त, कुडाळ नाही तर कोल्हापूर, नाही तर बांबोळी. बांबोळीला 2018 पासून गोव्याबाहेरच्यांना शुल्क लागू झाले तेव्हा आपल्या जिल्ह्यात केवढी खळबळ उडाली ते आपणांस आठवत असेल. संपाच्या त्या दिवसांत आमच्या शेजारची एक मासे विकणारी बाई सात महिन्यांच्या पोटुशा लेकीला घेऊन दोन दवाखान्यांच्या बंद दारांवरून परत आली. ती आम्हाला म्हणाली, "भाऊनु, संप तुमचो काय ओ?" नाही म्हटले, पण संप या शब्दाची लाज प्रथमच वाटली. गिरणी बंद पडली की मालकाचा नफा थांबे आणि कामगाराची चूलही थांबे. सोनोग्राफी बंद पडली की डॉक्टरचे काही दिवसांचे उत्पन्न बुडते, त्या लेकीचे काय बुडेल याचा हिशेब कोणी मांडीत नाही. संपाचे हत्यार उचलायचे तर पहिला घाव आपल्यावर घ्यावा लागतो.

आणि पाहा, दिल्लीला जे गाऱ्हाणे गेले त्यात मुख्य जोर शिक्षा सौम्य करण्यावर होता. देवगड-वेंगुर्ल्याच्या बाईला तपासणी जवळ मिळावी ही मागणी अग्रभागी ठेवून, तिला बरोबर घेऊन शिष्टमंडळ गेले असते, तर 1988 ची चळवळ करणाऱ्या स्त्रियासुद्धा कदाचित त्या बाकावर येऊन बसल्या असत्या. वर्गणी ज्यांची त्यांच्याच दुखण्याला तोंड फुटते, हा संघटनेचा स्वभाव आहे; आमच्याही संघटनांनी कंत्राटी माणसाला वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवले. म्हणून पैशाचा उगम उघड हवा. आपल्या किनाऱ्यावर रापण ओढून झाली की वाळूवरच वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, दोर ओढणाऱ्याचा वाटा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. भांडणे होतात, पण चोरी लपत नाही.

राजकीय पक्षांना निनावी पैसा देण्याची रोख्यांची सोय 2018 साली झाली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी रद्द केली, कारण कोण देतो हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे. मग कायदा बदलून घेण्यासाठी जो व्यवसाय पैसा उभा करतो, त्यालाही सोळाव्या कलमाची पेटी लावा, एवढीच आमची सूचना आहे. वकिलांना लावा, बिल्डरांना लावा, आणि डॉक्टरांनाही लावा. आपल्या जिल्ह्यातील डॉक्टर मंडळींना आमची वेगळी विनंती आहे. दोन ठिकाणांच्या नियमाविरुद्ध अर्ज करा. आम्ही सही करू, मासळी बाजारातून अंगठे आणून देऊ. त्या अर्जाच्या खर्चाची वर्गणीही मागा, देणारा देईल. मात्र त्याच कागदावर 'एफ' नमुना आम्ही चोख भरू असेही लिहा.

आमच्या सभेत उठलेल्या त्या सभासदाचे सांगायचे राहिले. दुसऱ्या वर्षी आम्ही राजकीय फंडाचे वेगळे पावतीपुस्तक काढले आणि ते त्याच्याच हाती दिले. पहिल्या महिन्यात जेमतेम तीस जणांनी वर्गणी दिली. बाकीच्यांची नावे त्याने आम्हाला सांगितली नाहीत, आणि आम्ही विचारलीही नाहीत.

आता कोणास काही विचारायचे असेल तर विचारावे. सभेत डॉक्टर मंडळी आली आहेत असे दिसते. त्यांनी प्रथम विचारावे.